ईस्टरचं रानबदक

"ही बदकं रानातली नाहीतच, मम्मी! डॅडींनी विंडसर रोडच्या फार्मवर विकत घेतली. आय सॉ हिम!"

ऑड्री संतापानं लाल झाली होती. तिच्या आईनं, व्हेरोनिकानं, मानही वर केली नाही. हॉस्पिटलची नाइट शिफ्ट करून आलेली ती तशीच ओट्याशी उभी होती. ईस्टरला गिरावीन उपनगरात राहणारी वसईची मंडळी त्यांच्याकडेच जेवायची, आणि जेवणात बदकाचं मोईल हवंच.

"रानबदकाला एवढी चरबी असते? तूच बघ ना."

"लसूण सोल," व्हेरोनिका म्हणाली.

ऑड्रीचं डोकं आणखीच फिरलं. तिचे वडील एलायस दरवर्षी बंदूक घेऊन मित्रांबरोबर रिव्हरिनाला जायचे आणि आइसबॉक्समध्ये साफ केलेली बदकं घेऊन मिशांवर ताव देत परतायचे. मग टेबलावर त्यांच्याच शिकारीच्या गप्पा. मम्मीनं वसईहून मागवलेला बॉटल मसाला, तिचं तासन्‌तास राबणं, याचं कुणाला काही नाही. "माल अस्सल असला की कुणीही शिजवेल," हे डॅडींचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की ऑड्रीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"आज मी सगळ्यांसमोर सांगणार. तुला राग कसा येत नाही गं?"

"येतो ना. चरबी काढायला कात्री कुठे गेली?"

कात्री शोधत व्हेरोनिका घरामागच्या लाँड्रीत, कपडे धुण्याच्या खोलीत गेली. तिथे डॅडींची शिकारीची बॅग अजून तशीच पडली होती. परत येऊन ती बदकाच्या छातीवरून बोटं फिरवत, मध्येच दाबत राहिली.

"जा, खुर्च्या मांड," ती म्हणाली.

पाहुणे जेवायला बसले. व्हेरोनिकानं छातीचा तुकडा आग्रहानं शेल्डन अंकलच्या ताटात वाढला. डॅडी रंगात आले होते.

"उडता थवा, आणि आपला एकच बार! अरे, माल अस्सल असला की कुणीही..."

"खोटं!" ऑड्री ताडकन उठली. "डॅडींनी काही मारलेलं नाही. ही फार्मची बदकं आहेत. विचारा त्यांना!"

सगळ्यांचे हात थांबले. डॅडींचा चेहरा पांढराफटक पडला. व्हेरोनिका तेवढी पिठाचे तळलेले फुगे वाढत राहिली.

तेवढ्यात शेल्डन अंकलनी गाल धरला. तोंडातून काहीतरी काढून त्यांनी ताटाच्या कडेला ठेवलं. बंदुकीचा छरा होता तो.

"काय गं ऑड्री, फार्मवाले हल्ली बदकांना गोळ्या घालतात वाटतं?"

टेबलावर हशा पिकला. डॅडी त्या छऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग तेही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

"तरी हिला सांगत असतो, साफ करताना नीट बघत जा! शेल्डनचा दात पडला असता म्हणजे?"

"चुकलं माझं," व्हेरोनिका म्हणाली.

ऑड्रीला ते ऐकवेना. ती ताट उचलून स्वयंपाकघरात गेली आणि रागारागानं उरलेलं बिनमध्ये खरवडू लागली. हाडांच्या भारानं वरची कांद्याची सालं बाजूला सरकली.

खाली डॅडींचं छऱ्यांचं एक लाल काडतूस होतं, कात्रीनं मधोमध कापलेलं.