तीन रेघा
"एझ्रा गेला, एवढंच लिहिलंय पत्रात. माझ्या लोखंडातून गोळा शिरला का रे?" म्हाताऱ्या लोहाराने विचारलं, तसा एझ्राच्याच तोफेवरचा खलाशी हायरम भट्टीपाशी थबकला. त्या दोघांचं चिलखती जहाज इथेच ब्रुकलिनला बांधलेलं. त्याच्या तोफघुमटाचा प्रत्येक नट म्हाताऱ्याने घडवलेला, वर त्याची तीन उठावदार रेघांची खूण. "माझं पोर माझ्याच लोखंडाआड आहे," तो गल्लीभर सांगायचा. गोळा शिरला नव्हताच. बाहेरून दणका बसला आणि आतला एक नट बोल्टावरून उडून एझ्राच्या कानशिलात घुसला. तोच नट हायरमने खिशातल्या खिशात आवळला. "तापाने गेला, काका. तुमचं लोखंड पक्कं निघालं." म्हाताऱ्याने डोळे पुसले. "शेवटी जवळ होतास ना? दे तो हात." नट खिशातच सोडून हायरमने हात दिला. म्हाताऱ्याने तो कुरवाळत उलटा केला. तळव्यावर तीन रेघा उमटल्या होत्या.