फरशीवरचा नमुना

“लघवीत बरेच जंतू दिसतायत,” रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाल्या. “नमुना निर्जंतुक बाटलीतच घेतलात ना?”

“बाटलीतच,” देवस्थळी म्हणाले. बाटली निर्जंतुकच होती. पण ती घेऊन ते मागे वाकले, की त्यांचा कुत्रा भुऱ्या संकोचून पाय खाली घ्यायचा. शेवटी त्यांनी बाथरूमच्या फरशीवरची लघवी सिरिंजने ओढून बाटलीत भरली. फरशीबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

“अख्खी सकाळ त्याच्यामागे फिरत होते हे,” बायकोने कौतुकाने सांगितलं. आता खरं सांगणं आणखीच अवघड झालं.

“मग इंजेक्शनं द्यावीच लागतील. दुखतात हं, घट्ट धरा.”

देवस्थळींनी धरलं. सुई टोचताच भुऱ्या विव्हळला, त्यांना बिलगला आणि डॉक्टरांवर गुरगुरला.

“त्यांच्यावर नाही रे चिडायचं,” देवस्थळी त्याच्या कानात पुटपुटले. “त्यांची काही चूक नाही.”