जोडीचा शब्द

नवऱ्याचं तेरावं आटोपलं आणि दुसऱ्याच दिवशी वनारसेबाई सातवीच्या वर्गावर आल्या. घर खायला उठत होतं.

नेहमीप्रमाणे इंग्रजीच्या जोड्यांनी तास सुरू झाला. बाई पहिला शब्द म्हणायच्या, वर्ग दुसरा ओरडायचा.

"ब्रेड अँड..."

"बटर."

"नीडल अँड..."

"थ्रेड."

एवढ्या गलक्यात बाईंना जरा बरं वाटलं. सवयीनं जीभ पुढे धावली. "हजबंड अँड..."

वर्ग चिडीचूप झाला.

"अरे, इतकी सोपी जोडी येत नाही?"

पहिल्या बाकावरची रेवती उभी राहिली. "येते, बाई," ती खाली बघत म्हणाली. "पण आज नको."

बाईंनी नुसती मान हलवली. पुढची जोडी घ्यायला तोंड उघडलं, तर पहिला शब्दच सुचेना.