वच्छलाबाईंचा नंदी

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी सिंदीतली पोरं आपापले लाकडी नंदी ओढत निघाली, तशी सत्तरीच्या वच्छलाबाईंनीही नंदीच्या गळ्यात माळ घालून दोरी हातात घेतली. मुलगा विलास दारात आडवा उभा राहिला.

"आई, हा लहान पोरायचा सण आहे. लोक हासतीन. अन् वर्ध्याच्या डॉक्टरनं काय सांगतलं? मन खुशीत ठेवनारं सेरोटोनिन नावाचं रसायन मेंदूत ज्या जागी झेललं जाते, त्या जागाच म्हातारपनी कमी होतेत. तुले आता पह्यल्यासारखी मजा येनार नाई. गोळी घे अन् घरी पडून राह्य."

"गोळी घेतली." गणित अडलेल्या पोराला समजवावं तशा सावकाश त्या म्हणाल्या, "मले सांग, तुह्या बाबायले कमी आयकू यायले लागलं, तवा आपन त्यायच्यासंग बोलनं बंद केलतं का?"

"नाई. जोरानं बोलत होतो."

"मंग?"

विलास दारातून बाजूला सरला. तोवर नंदीची चाकं खडखडत रस्त्यावर पोचली होती आणि आईचा आवाज साऱ्या गल्लीत घुमत होता, "सरका रे पोट्टेहो! माहा नंदी सर्वायच्या पुढं राहीन!"