मॅडमची सावड

माग्दा मॅडमनी "सुरू करा" म्हटलं मात्र, आणि सातवीची पोरं आपापल्या खुर्च्या सोडून उठलीच. सगळीच्या सगळी रविनाच्या कॉम्प्युटरभोवती जमली. बाकीचे कॉम्प्युटर मोकळेच राहिले.

माग्दा घाईनं पुढं झाली. कुठलं पोलंड आणि कुठली मुरबाडच्या डोंगरकडेची ही शाळा! जूनपासून ती इथे राहून पोरांना फुकट कॉम्प्युटर शिकवत होती. हातानं भात कालवायला शिकली होती, मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली होती. आणि आज, ज्या संस्थेनं कॉम्प्युटर दिले तिथल्या नम्रताताई आसनगाव स्टेशनला उतरून जीपनं तपासायला आल्या होत्या. प्रत्येक पोरानं स्वतःचं एक पान करायचं. नाव, घराचं चित्र आणि चार ओळी, सगळं आपल्या हातानं. जमलं तर कॉम्प्युटर राहणार, नाही तर टेम्पोत चढून दुसऱ्या शाळेत जाणार. नमुना म्हणून माग्दानं आपलंही एक पान भिंतीवर चिकटवलं होतं. त्यात तिचं गावाकडलं घर होतं आणि बाबांचं बटाट्याचं शेत.

"आपली आपली जागा!" माग्दा ओरडली. "एक मूल, एक कॉम्प्युटर!"

"हो मॅडम," पोरं गोड आवाजात म्हणाली आणि जागची हलली नाहीत.

"काना राहिला गो तुझा!"

"सरक, चुलीचा धूर मी काढते. धुराबिगर घर कसलं?"

"झालं रविनाचं. चला, आता देवकीच्यात!"

अख्खी टोळी पुढच्या कॉम्प्युटरवर. एकानं नाव घातलं, एकीनं कौलं रंगवली, तिसऱ्यानं ओळी बडवल्या. देवकीच्यातनं सुनिलच्यात, सुनिलच्यातनं पुढं. नम्रताताईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. आणि वर्गशिक्षक वाल्मिक सर? ते दाराला टेकून खुशाल हसत होते!

"सर, तुम्ही हसता?" माग्दा रडकुंडीला आली होती. "थांबवा ना!"

"मॅडम, आषाढात ही पोरं शाळेत का येत नव्हती, आठवतं? लावणीला होती. आज एकाच्या शेतात सगळे, उद्या दुसऱ्याच्या शेतात सगळे. सावड म्हणतात तिला. एकट्यानं काम करायचं असतं हे यांना अजून कुणी सांगितलंच नाही."

"शेतात ठीक आहे हो, सर," नम्रताताई म्हणाल्या. बाई वाईट नव्हती, पण अट ती अट. "मला प्रत्येकाला येतंय का ते बघायचंय. कुणाचं पान राहिलंय?"

राहिलं होतं भिमीचं. हात् तिच्या! साऱ्या वर्गात नेमकी भिमीच राहावी? जूनमध्ये हिनं माउस दोन्ही हातांनी धरला होता, पळून जाईल म्हणून.

"ही एकटी करेल. बाकीचे बाहेर."

पोरं बाहेर गेली आणि खिडकीच्या चौकटीला लटकली. भिमीनं फ्रॉकला हात पुसले आणि एका बोटानं सुरुवात केली. नाव झालं, काना-मात्रेसकट. मग घर, त्याला कौलं. सुनिलनं खिडकीतून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर देवकीनं त्याच्या तोंडावर हातच दाबला. ओळी झाल्या, एक सोडून चार. शेवटी भिमी थांबली, मान तिरकी करून पानाकडे बघत राहिली आणि तिनं घरावर निवांतपणे धूर काढला.

"अगं, इतकं कधी शिकलीस तू?" नम्रताताईंनी विचारलं.

भिमीला प्रश्नच कळला नाही. "मॅडमनी शिकवलंय की. आन् आता सगळ्यांच्यात जाऊन आले ना मी. रविनाच्यात धूर काढला, देवकीच्यात नाव घातलं, सुनिलच्यात ओळी. आपल्यात येईस्तवर हात बसतो."

नम्रताताई खळखळून हसल्या. "राहू द्या हो कॉम्प्युटर इथंच!"

मग काय विचारता! पोरं दारानं आली, दोघं तर खिडकीतूनच आली. माग्दानं भिमीला उचलून गरगर फिरवलं. ती हसत होती, रडत होती आणि मधेच पोलिशमध्ये काहीबाही बोलत होती. इतका आनंद तिला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

गलका ओसरला तशी पोरं कोपऱ्यात जाऊन कुजबुजली. मग देवकी एकदम मोठ्या माणसासारखं तोंड करून पुढं आली.

"मॅडम, तुमी आमच्या सगळ्यांच्यात राबलात. आमची सावड फिटली नाय अजून. तुमच्यात कवा यायचं आमी?"

नीटसं न कळून माग्दानं सरांकडं पाहिलं.

"तुमच्या शेतावर यायचं म्हणतात," सर म्हणाले. "कामाला."

पोलंड किती लांब, विमान, व्हिसा असं सगळं माग्दाच्या जिभेवर आलं. तिनं ते गिळलं आणि भिंतीवरच्या आपल्या पानाकडं बोट केलं.

"सप्टेंबर," ती म्हणाली. "बटाटे काढायला."

"गणपती झाले का निघू," सुनिलनं ठरवूनच टाकलं.

भिमी मात्र चित्रातलं ते लांबलचक शेत बारकाईनं बघत होती.

"मॅडम, कुदळी घरनं आणू, का तुमच्यात हायेत?"

"आहेत गो," माग्दा नाक पुसत म्हणाली. "सगळ्यांना पुरतील."