खिडकीची जागा

"भाऊ, झडप लावू नका हं," शेजारची म्हातारी म्हणाली, आणि मोनांगचा हात खिडकीवर तसाच थबकला.

विमान आत्ता कुठे जकार्ता सोडून वर चढलं होतं. खरं तर दुपारचं विमान, पण 'थोड्याच वेळात सुटेल, थोड्याच वेळात सुटेल' करत त्यांनी ते संध्याकाळवर आणून ठेवलं होतं. उद्या ईद. अख्खं शहर गावाला निघालेलं आणि जो तो घर उचलून आणल्यासारखा. मोनांगच्या डोक्यावरच्या कप्प्यात कुणीतरी भाताच्या कुकरचं खोकं कोंबलं होतं, त्यामुळे त्याची स्वतःची बॅग त्याच्याच पायांत आली होती. बरं, ईद त्याची नव्हतीच. तो बाताक जमातीतला ख्रिस्ती माणूस. सगळ्यांना सुट्टी म्हणून त्यालाही सुट्टी, आणि म्हणून तोही मेदानला थोरल्या भावाकडे निघालेला.

रक्तदाब वाढलाय म्हणून त्याच्या लेकीनं, दुमानं, ताण कमी करायचे उपाय फोनवर धाडले होते. खिडकीची जागा घ्या, झडप ओढा, डोळे मिटा, भरपूर पाणी प्या, आणि बाबा, कृपा करून लष्कराच्या भाकऱ्या भाजू नका. जादा पैसे मोजून त्यानं खिडकी घेतली होती. पाण्याचं मात्र राहूनच गेलं. विमानतळावर सगळे रोजे धरून, सुकल्या तोंडानं बसलेले. त्यांच्या समोर घटाघटा पाणी कोण पिणार? खिशातला पावही तसाच होता.

"का बरं लावायची नाही?" त्यानं जरा तुटकपणेच विचारलं.

म्हातारीचं नाव देरहाना. तिला सूर्य बुडाल्यावर रोजा सोडायचा होता. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. उजेड आहे की नाही एवढंच कळायचं, सूर्य कुठला आणि ढग कुठला ते नाही. तेव्हा बघायचं काम खिडकीवाल्याचं, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"विमानात सांगतील की त्यांचं ते. मी ख्रिस्ती, मला काय कळतंय त्यातलं," मोनांग म्हणाला.

"कोण? दुपारपासून 'थोड्याच वेळात' म्हणणारे तेच ना?"

मोनांगनं झडपेवरचा हात खाली घेतला.

तिच्या पलीकडे तिचा मुलगा रिदवान बसला होता. तो आईवर इतका वैतागलेला की त्यानं सगळी कर्मकथा मोनांगला ऐकवली. गेल्या वर्षी पोटाचं ऑपरेशन झालं आणि तिचे सगळे रोजे चुकले. या वर्षी हट्टानं एकही सोडला नाही, आणि हा शेवटचा. सकाळपासून चक्कर येतेय. प्रवासात सवलत आहे, मौलवींनी सांगितलं, डॉक्टरांनी हात जोडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. हे ऐकताना म्हातारी मांडीवर खजुरांची डबी घट्ट धरून बसली होती, जणू कुणा दुसऱ्याच बाईबद्दल चाललंय.

मग बातमी पसरली. मधल्या रस्त्यापलीकडून कुणी विचारलं, काका, बुडाला का? मागून एक बाई वाकून बघून गेली. मोनांगनं कपाळावर हात मारला. झोपायला म्हणून घेतलेली जागा, आणि अख्ख्या विमानानं त्याला सूर्याच्या पहाऱ्यावर बसवलं होतं.

अखेर विमानात सांगण्यात आलं की खाली जमिनीवर सूर्य बुडाला, रोजा सोडायची वेळ झाली. बाटल्यांची झाकणं उघडली. रिदवाननं सुटकेचा श्वास टाकला आणि आईपुढे पाणी धरलं.

म्हातारीनं बाटलीला हातही लावला नाही. "भाऊ?"

मोनांगनं बाहेर पाहिलं. एवढ्या उंचीवरून सूर्य आपला जागच्या जागी, हलायचं नाव नाही.

"आहे अजून," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

रिदवाननं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू सूर्य त्यानंच धरून ठेवलाय. म्हातारीचे ओठ पांढरे पडले होते. तिच्या हातातल्या डबीतले खजूर आतल्या आत खडखडत होते. रिदवान तिच्या डोक्यामागून वाकून कुजबुजला, "काका, सांगून टाका ना बुडाला म्हणून. तिला काय दिसणार आहे?"

"कान शाबूत आहेत माझे," म्हातारी म्हणाली. मग मोनांगकडे वळून हलकेच म्हणाली, "खोटं नका सांगू हं. तुम्हाला रोजा नाही, त्यामुळे घाई नाही. म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

हे म्हणजे अतीच झालं. दुमानं हा उपाय लिहिलाच नव्हता. मोनांग खिडकीला नाक लावून बसला आणि मनातल्या मनात सूर्याला शिव्या घालू लागला. जा की बाबा, जा एकदाचा. समोर ढगांची काळी रांग होती. सूर्य तिला टेकला, अर्धा झाला, चिमूटभर उरला आणि गेला. ढगात गेला की खाली गेला, देव जाणे.

"बुडाला," मोनांग म्हणाला.

म्हातारीनं ओठ हलवून दुआ म्हटली आणि डबी उघडली. पहिला खजूर तिनं त्याच्यापुढे धरला. "घ्या. बोलताना तुमचाही आवाज फुटत नव्हता मघाशी." मग एक स्वतःच्या तोंडात टाकला, पाणी प्याली आणि डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. रिदवान तोंड फिरवून डोळे पुसत होता.

तेवढ्यात ढगांची रांग संपली. खालच्या फटीतून सूर्य निघाला, चांगला लालबुंद, आणि त्याचा उजेड थेट म्हातारीच्या मांडीवर, उघड्या डबीवर येऊन पडला. मोनांगच्या तोंडातला खजूर तोंडातच राहिला.

म्हातारीनं डोळे उघडले. मांडीवरच्या उजेडावर तिनं तळहात ठेवला. मग तिनं दुसरा खजूर उचलला.

"भाऊ," ती म्हणाली, "लावा आता ती झडप. झोपायचं होतं ना तुम्हाला?"