ऑक्सिजनचा बेड

बाबा ऑक्सिजनच्या बेडवर मांडी घालून मोसंबी सोलत होते. नळी उशाशी नुसतीच लोंबत होती.

"मला काही झालेलं नाही गं, घरी ने," ते शलाकाला म्हणाले.

"राहा अजून दोन दिवस."

साथ कुठवर जाईल हे सांगणारं जिल्ह्याचं कॉम्प्युटर मॉडेल शलाकानेच बनवलं होतं. या आठवड्यात बेड जेमतेम पुरतील, हे तिला सगळ्यांच्या आधी दिसलं. त्याच संध्याकाळी तिने वशिला लावून बाबांना साध्या तापावर दाखल केलं होतं.

डॉक्टर भिंगारे राउंडला आले. "मॅडम, तुमच्या आकड्यांवर विसंबून बेड वाढवले, म्हणून जिल्हा तरला. फक्त आज पहाटे अंदाज एका बेडने चुकला."

"म्हणजे?"

"एक बाई आल्या होत्या. बेडच उरला नव्हता. पोर्चमध्येच गेल्या. तुमचा दोष नाही हो, एवढं तंतोतंत कुणाचं येतं?"

बाबा हळहळले. "एकाच बेडचा फरक ना, पोरी? मनाला लावून घेऊ नकोस," म्हणत त्यांनी सोललेली फोड तिच्यापुढे धरली.

शलाकाची नजर त्या लोंबत्या नळीवरून हलेना.